४५ अंशांच्या उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइडवर चालणारी शीतकरण यंत्रणा घ्यावी का?

प्रश्न : सातपुडा

नमस्कार मंडळी,

नागपूरजवळ आमचा मध्यम आकाराचा दुग्धप्रकल्प आहे. दूध थंड करणे, पाश्चरीकरण, दही, ताक, श्रीखंड आणि अलीकडे आइस्क्रीम असा त्याचा व्याप आहे. आइस बँक (बर्फाच्या रूपात गारवा साठवणारी टाकी) आणि चार अंशांच्या खोल्या यांसाठी शीतकरणाचा भार सुमारे १०० किलोवॉट आहे, तर आइस्क्रीमची हार्डनिंग रूम (ते गोठवून कडक करण्याची खोली) आणि उणे २५ अंशांची साठवण यांसाठी आणखी ३० किलोवॉट लागतात. सध्याची यंत्रणा आर-४०४ए या रेफ्रिजरंटवर, म्हणजे शीतकरणाच्या वायूवर, चालते आणि तिचे कंडेन्सर हवेवर थंड होणारे आहेत. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास गेला की हाय प्रेशरवर कॉम्प्रेसर ट्रिप होतात, आणि नेमके त्याच दिवसांत आइस्क्रीमची मागणी सर्वाधिक असते.

यंत्रणा जुनी झाली असल्यामुळे ती बदलायचीच आहे. आर-४०४ए ची तापमानवाढक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट असल्याचे आणि मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात २०२८ पासून अशा वायूंच्या वापरावर कमाल मर्यादा येणार असल्याचे वाचले. त्यामुळे पुन्हा त्याच कुळातल्या वायूवर पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी पैसे गुंतवावेत, असे वाटत नाही. एका सल्लागाराने संपूर्णपणे कार्बन डायऑक्साइडवर चालणारी ‘बूस्टर’ (दोन टप्प्यांत दाब वाढवणारी) यंत्रणा सुचवली आहे. दुसऱ्या एका अनुभवी ठेकेदाराचे म्हणणे असे की हा वायू युरोपच्या थंडीसाठी ठीक आहे, पण विदर्भात तो वीज खाईल आणि वर गारवाही देणार नाही.

दोघांपैकी कोणाचे खरे मानावे? आणि उष्ण हवामानासाठी या यंत्रणेत काही सुधारणा झाल्या असतील, तर आमच्या आकाराच्या प्रकल्पाला त्यांपैकी नेमक्या कोणत्या लागतील?

प्रतिसाद : उष्माविचार

आपल्या ठेकेदाराचा आक्षेप निराधार नाही, म्हणून आधी तो नीट मांडतो. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस आहे आणि त्या बिंदूवरचा दाब सुमारे ७४ बार आहे. अमोनियाचे क्रांतिक तापमान १३२ अंश, प्रोपेनचे ९७ आणि आर-४०४ए चे ७२ अंशांच्या आसपास असल्यामुळे नागपूरच्या दुपारीही हे वायू कंडेन्सरमध्ये द्रवरूप होतात. कार्बन डायऑक्साइड मात्र ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. तो नुसता दाट आणि थोडा थंड होत जातो. म्हणूनच अशा यंत्रणेत त्या भागाला कंडेन्सर न म्हणता गॅस कूलर म्हणतात. खरी किंमत पुढे मोजावी लागते. गॅस कूलरमधून ४० अंशांना आणि १०० बार दाबाला बाहेर पडलेला वायू ३५ बारच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे द्रव साठवणाऱ्या टाकीत, सोडला, तर वजनाने जवळजवळ निम्मा भाग लगेच बाष्प होतो. हे बाष्प कसलाही गारवा न देता पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते आणि वीज मात्र पूर्ण खाते.

ही अडचण नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोटींवर याच वायूची शीतयंत्रे सर्रास वापरात होती, आणि उष्ण कटिबंधातल्या कोमट समुद्रात त्यांची क्षमता घसरते हे तेव्हाच्या अभियंत्यांना पक्के ठाऊक होते. त्यावरचा एक उपाय अमेरिकेच्या गार्डनर व्हुरहीस यांनी १९०५ च्या सुमारास पेटंट म्हणून नोंदवला होता : मधल्या दाबावरचे बाष्प खालच्या दाबापर्यंत उतरू न देता थेट मधूनच कॉम्प्रेसरमध्ये घ्यायचे. पुढे फ्रिऑन हे कृत्रिम वायू आले आणि हे सगळे विस्मरणात गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या गुस्ताव लोरेन्टसेन यांनी हा वायू पुन्हा चर्चेत आणला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते ‘बाहेर ४५ अंश असताना ही यंत्रणा चालेल का’ हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवावा. गॅस कूलरमधून बाहेर पडताना वायूचे तापमान किती असेल, या एका आकड्यावर सगळे अवलंबून आहे. १०० बार दाब कायम धरला आणि हे तापमान ४० ऐवजी ३५ अंशांवर आणले, तर प्रत्येक किलो वायूमागे मिळणारा गारवा सुमारे एक पंचमांशाने वाढतो; उलट ते ४५ वर गेले तर तो तितकाच, किंबहुना थोडा जास्तच, घटतो. पारंपरिक वायूंच्या बाबतीत पाच अंशांचा इतका मोठा परिणाम होत नाही.

हे तापमान खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे गॅस कूलरमध्ये शिरणारी हवा ओल्या पॅडमधून नेणे, म्हणजे मूलतः आपला डेझर्ट कूलर. इथे विदर्भाचा कोरडेपणा कामी येतो. मे महिन्यातल्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल, तर वेट बल्ब तापमान (पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा ज्याच्या खाली थंड होऊ शकत नाही ते) २३ ते २४ अंशच भरते. पॅडची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तरी गॅस कूलरला २९ अंशांची हवा मिळते. त्याच दिवशी मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब २८ च्या पुढे असतो आणि तेच पॅड तिथे हवा फार तर ३० अंशांपर्यंत आणते. म्हणजे पॅड लावल्यावर नागपूर आणि मुंबई यांत या यंत्रणेला फारसा फरक जाणवत नाही. ‘विदर्भात चालणार नाही’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

पाणी मात्र लागते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्या भारात एकूण बाहेर टाकायची उष्णता २१५ किलोवॉटच्या आसपास येईल. गॅस कूलरमधून जाताना हवा दहा अंशांनी तापते असे धरले, तर भर दुपारी तासाला साडेचारशे ते पाचशे लीटर पाणी बाष्प होऊन जाईल, आणि क्षार साठू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावे लागेल ते वेगळे. पॅड वर्षभर ओले ठेवण्याची मात्र गरज नाही. हवा ठरावीक तापमानाच्या वर गेली तरच पंप सुरू व्हावा. हिवाळ्यातल्या रात्री तर यंत्रणा क्रांतिक बिंदूच्या खाली, साध्या कंडेन्सरसारखीच चालेल.

राहिलेल्या सुधारणांपैकी पॅरलल कॉम्प्रेशन मी अनिवार्य मानतो. हीच ती व्हुरहीस यांची कल्पना, फक्त रिसीव्हरमधले बाष्प उचलण्यासाठी आता वेगळा कॉम्प्रेसर दिलेला असतो. इजेक्टर ही त्यापुढची पायरी. वायू १०० बारवरून ३५ बारवर येताना जी ऊर्जा साध्या व्हॉल्व्हमध्ये वाया जाते, तिच्या जोरावर इजेक्टर बाष्पकाकडचे (जिथे द्रव उकळून गारवा देतो त्या भागाकडचे) थोडे बाष्प ओढून रिसीव्हरच्या दाबापर्यंत चढवून देतो, आणि त्यात एकही फिरता भाग नसतो. या दोन्हींमुळे मिळणारी बचत हवामानानुसार बदलते. उष्ण दिवसांत प्रत्येकीची दहा ते वीस टक्क्यांपर्यंत धरायला हरकत नाही, पण दोन्ही आकड्यांची थेट बेरीज करू नये, कारण दोन्ही एकाच बाष्पातून बचत काढतात.

तिसरा उपाय मेकॅनिकल सबकूलिंगचा. गॅस कूलरनंतर प्रोपेनवर चालणारा एक छोटा चिलर बसवून वायू ४० वरून २५ अंशांवर आणला, तर प्रत्येक किलोमागचा गारवा जवळजवळ दीडपट होतो. चिलरची वीज धरूनही एकूण कार्यक्षमता साधारण चौथ्या हिश्शाने वाढते. जिथे पाणी अजिबात उपलब्ध नाही, मराठवाड्यातल्या काही ठिकाणांसारखे, तिथे मी पॅडऐवजी हाच मार्ग निवडेन.

प्रतिसाद : अमोनियापंथी

वरच्या विवेचनातल्या भौतिकशास्त्राबद्दल माझी तक्रार नाही, निष्कर्षाबद्दल आहे. दुग्धप्रकल्प ही अमोनियाची परंपरागत जागा आहे. त्याची तापमानवाढक्षमता शून्य आहे, ४० अंशांना त्याचा दाब साडेपंधरा बारच असतो आणि राज्यातल्या बहुतेक मोठ्या डेअऱ्यांमध्ये तो हाताळणारी माणसे मिळतात. कार्बन डायऑक्साइड वापरायचाच असेल, तर तो जिथे उत्तम चालतो तिथे, म्हणजे थंड बाजूला वापरावा. वरच्या टप्प्यात अमोनिया आणि खालच्या टप्प्यात कार्बन डायऑक्साइड अशी कॅस्केड रचना केली, तर कार्बन डायऑक्साइड उणे दहाच्या आसपास २६ बारला द्रवरूप होतो. त्याचा बाहेरच्या उन्हाशी संबंधच उरत नाही आणि शंभर बारचा प्रश्नही येत नाही.

याचा आणखी एक लाभ आहे. अमोनिया उणे ३३ अंशांच्या खाली वातावरणाच्या दाबाहून कमी दाबावर जातो आणि जरा कुठे फट असली की बाहेरची हवा आत शिरते. उणे ३५ ला कार्बन डायऑक्साइडचा दाब १२ बार असतो, त्यामुळे ही कटकट नाही, आणि पाइपही बारीक लागतात. आइस्क्रीमच्या बाजूला तो खरोखरच सरस आहे, हे मी अमोनियाचा पक्षपाती असूनही मान्य करतो.

या रचनेचा एक धोकाही सांगितला पाहिजे. दोन वायूंमधल्या हीट एक्स्चेंजरला छिद्र पडले, तर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगाने अमोनियम कार्बामेट हा घनपदार्थ तयार होतो, तो व्हॉल्व्ह आणि पाइप तुंबवतो आणि सफाई अतिशय क्लिष्ट होते. या एका एक्स्चेंजरवर पैसे वाचवू नयेत.

सातपुडा :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. प्रकल्पाच्या दोन बाजूंना आता वस्ती आली आहे, त्यामुळे अमोनियाबद्दल घरातूनच विरोध आहे. दुसरे, सीआयपी (टाक्या आणि पाइप न उघडता जागच्या जागी धुणे) आणि पाश्चरीकरणासाठी आम्ही डिझेलवर चालणारा बॉयलर वापरतो आणि त्याचा खर्च लहान नाही. तिसरी आणि मला सर्वांत धास्ती वाटणारी गोष्ट म्हणजे आमच्या फीडरवर उन्हाळ्यात वीज जाते, कधी कधी दोन-तीन तास येत नाही. जनरेटर आहे, पण तो संपूर्ण प्रकल्प उचलत नाही. यंत्रणा बंद असताना शंभर बार दाबाचे काय होते?

प्रतिसाद : देखभाल विभाग

मी सल्लागार नाही, अशा यंत्रणांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. बाकीच्या गणितात मला पडायचे नाही.

यंत्रणा बंद पडली की शंभर बार तसेच टिकून राहत नाहीत. दोन्ही बाजूंचे दाब हळूहळू जुळायला लागतात. धोका रिसीव्हरमधल्या द्रवाचा असतो. तो तापत जातो, ३० अंशांना त्याचा दाब ७२ बार होतो, आणि त्याच्या पुढे यंत्रणेत किती वायू भरला आहे यावर दाब ठरतो. त्यामुळे निविदेत पहिला प्रश्न हा विचारा की रिसीव्हर आणि द्रववाहिन्यांचा मंजूर दाब किती आहे. ६० बारचा रिसीव्हर असेल, तर नागपूरच्या मशीनरूममध्ये काही तासांत सेफ्टी व्हॉल्व्ह उघडणार हे गृहीत धरा. ९० बारचा असेल तर बराच अवकाश मिळतो. दुसरा उपाय म्हणजे रिसीव्हर थंड ठेवण्यापुरते एक छोटे कंडेन्सिंग युनिट बसवून ते जनरेटरवर टाकणे. त्याला वीज अगदी थोडी लागते, आपला जनरेटर ते सहज उचलेल. आपल्या परिस्थितीत मी दोन्ही उपाय करायला सांगेन.

समजा व्हॉल्व्ह उघडलाच, तर वायू हवेत जाईल, पुन्हा भरावा लागेल आणि खर्च होईल. पण आर-४०४ए गेल्यावर जितका होतो तितका नाही. मात्र सेफ्टी व्हॉल्व्हच्या पुढे लांबच लांब पाइप जोडू देऊ नका. दाब ५.२ बारच्या खाली गेला की कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, त्याचा ड्राय आइस होतो. हा ड्राय आइस पाइपमध्ये साठला, तर ज्या वाटेने दाब बाहेर जायचा तीच वाट बंद होते. व्हॉल्व्ह शक्यतो बाहेरच, उघड्यावर बसवावा. वायू भरतानाही हाच नियम लागू होतो : आधी बाष्प भरून दाब ५.२ बारच्या बराच वर न्यायचा आणि मगच द्रव सोडायचा. नव्या माणसाला हे माहीत नसते, आणि आपल्याकडच्या बहुतेक फिटरची सवय फ्रिऑनची आहे. भरायचा वायूही कोरडा, शीतकरणाच्या दर्जाचा हवा. त्यात ओल राहिली तर आम्ल तयार होऊन पोलादी भाग खराब होतात.

सुरक्षिततेबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकतो की हा वायू विषारी नाही, पेटत नाही, म्हणजे चिंता नको. अमोनियाची गळती झाली तर नाकच सांगते. कार्बन डायऑक्साइडला वास नाही आणि तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे खाली साठतो. आठ तासांच्या पाळीसाठी हवेत अर्ध्या टक्क्याची मर्यादा मानली जाते, आणि चार टक्क्यांवर जिवाला धोका असतो. म्हणून शीतखोल्यांमध्ये आणि मशीनरूममध्ये डिटेक्टर जमिनीपासून फूट-दीड फुटावर बसवा, छताजवळ नव्हे. हार्डनिंग रूमच्या दारात दिवा आणि भोंगा दोन्ही असावेत, कारण आतला पंखा चालू असताना भोंगा एकटा पुरत नाही.

सर्व्हिसचे मात्र आधी पाहून ठेवा. मे महिन्यात हाय प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला आणि जाणकार माणूस परगावाहून दोन दिवसांनी येणार असेल, तर कागदावरच्या कार्यक्षमतेला काही अर्थ उरत नाही. आपल्याच एक-दोन ऑपरेटरांचे प्रशिक्षण खरेदीच्या करारात लिहून घ्या.

प्रतिसाद : उष्माविचार

वस्ती आणि बॉयलर या दोन गोष्टी कळल्यावर माझे मत अधिक ठाम झाले. अमोनियापंथी यांची कॅस्केड रचना गावाबाहेरच्या मोठ्या शीतगृहासाठी मीही सुचवली असती, इथे नाही.

डिझेलच्या बॉयलरकडे पुन्हा पाहा. कार्बन डायऑक्साइड कॉम्प्रेसरमधून ११० ते १२० अंशांना बाहेर पडतो आणि एका स्थिर तापमानाला द्रवरूप न होता सलग थंड होत जातो, त्यामुळे उलट दिशेने वाहणारे पाणी ७५ अंशांपर्यंत सहज तापवता येते. आपण बाहेर टाकणार असलेल्या २१५ किलोवॉटपैकी फक्त ८० किलोवॉट पाण्यात घेतले, तरी ३० अंशांचे पाणी ७५ अंशांवर नेऊन तासाला सुमारे १,५०० लीटर गरम पाणी मिळते. सीआयपीचा मोठा भाग त्यात भागेल. पाश्चरीकरणाला दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवावे लागते. तिथेही रिजनरेशननंतर (म्हणजे तापलेल्या दुधाच्या उष्णतेने येणारे थंड दूध तापवल्यानंतर) लागणारी उरलेली उष्णता बऱ्याच अंशी या पाण्यातून देता येईल आणि बॉयलर फक्त पूरक म्हणून राहील. शिवाय जितकी उष्णता पाण्यात गेली तितकी हवेत टाकायची राहत नाही, म्हणजे पॅडचे पाणीही त्या प्रमाणात वाचते. फक्त विजेच्या बिलांची तुलना केली तर ही यंत्रणा हरल्यासारखी दिसू शकते. वीज आणि डिझेल एकत्र मांडले की चित्र बदलते. सल्लागाराने हे मांडले नसेल, तर त्याने आपल्या प्रस्तावातली सर्वांत जमेची बाजूच वगळली आहे.

आइस बँकेचाही उपयोग करून घ्यावा. बर्फ रात्री बनवला, तर दुपारी ४५ अंशांना चालणाऱ्या कॉम्प्रेसरांवरचा भार बराच उतरतो. मात्र आपला वीजदर वेळेनुसार बदलत असेल, तर सवलतीचे तास कोणते हे बिलावर पाहून मगच वेळापत्रक ठरवावे. रात्रीची कार्यक्षमता आणि दिवसाची सवलत यांत नेहमी एकमत असतेच असे नाही.

विक्रेते जॉर्डनचे उदाहरण हमखास देतील. अम्मानमधल्या एका सुपरमार्केटमध्ये २०१८ साली अशी यंत्रणा युनिडो या संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेच्या साहाय्याने सुरू झाली हे खरे आहे, पण अम्मान उंचावर वसलेले आहे आणि तिथला सरासरी उन्हाळा नागपूरच्या मानाने सौम्य आहे. त्याला मी पुरावा मानणार नाही. आयआयटी मद्रासमध्ये नॉर्वेच्या सिंटेफ आणि एनटीएनयू या संस्थांच्या सहकार्याने भारतीय हवामानासाठी या यंत्रणेवर झालेले काम आपल्याला अधिक जवळचे आहे, त्याबद्दल सल्लागाराला जरूर विचारा.

निविदेत एकाच तापमानाचा आकडा स्वीकारू नका. बाहेरचे तापमान १५, २५, ३५, ४० आणि ४६ अंश असताना प्रत्येक ठिकाणी किती गारवा, किती वीज आणि किती पाणी, हा तक्ता मागा. ४६ चा आकडा पॅड कोरडे असतानाचाही हवा, कारण पंप बिघडण्यासाठी मे महिनाच निवडतो. गॅस कूलर पत्र्याच्या छतावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून बसवू देऊ नका. तिथली हवा मोकळ्या जागेपेक्षा बरीच तापलेली असते आणि पाच अंशांची किंमत वर सांगितलीच आहे. स्वीकृती चाचणी डिसेंबरात उरकण्याचा आग्रह झाला तर नकार द्या, आणि शेवटचा हप्ता मे महिन्यातल्या चाचणीनंतरच देण्याची अट घाला.